ओल्या धानाचं एक्सेप्शन

मंगळवार, संध्याकाळ

आज राइस मिलमध्ये सुपरवायझर सुरेशभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमच्या प्रोग्रामनं ओला धान पास केला, आता मी काय करू?" सगळे माझ्याकडे बघून हसले. मी त्या धानाच्या पोत्यात हात घातला.

त्या धानाला पोत्यातच कोंब फुटला होता. एक दाणा ओढणीत बांधून घरी आणला.

कोड तीनदा तपासला. ओल सतरा टक्क्यांवर गेली की धानाची पावती काढणारा माझा प्रोग्राम थांबायचा. सुरेशभाऊंनी खाली दोन ओळी घुसवल्या आहेत: कोणताही एरर आला तरी गिळायचा आणि पुढे जायचं. तो धान घेऊन आलेला ट्रॅक्टर त्यांच्या साळ्याचा होता. आणि कोडच्या वर नाव माझं!

मग मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतःचं नवं एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रामला अडवणारा खास एरर, लिहिलं. नाव ठेवलं 'सुरेशभाऊएरर'. फार बरं वाटलं. मग भीती वाटली.

बाबा मागून वाचत होते. शाळेआधी अक्षरं त्यांनीच शिकवली मला. म्हणाले, "त्यायचं नाव तू काऊन लिहून राहिली? त्यायलेच लिहू दे ना."

नाव बदलून 'ओलाधानएरर' केलं आणि सुरेशभाऊंच्या त्या दोन ओळी काढून टाकल्या. आता हा एरर आला की प्रोग्राम विचारतो, "हा धान कोण पास करत आहे?" पूर्ण नाव टाइप केल्याशिवाय पावती निघत नाही, आणि ते नाव पावतीवर छापलं जातं. मिलच्या मालकांना फोनवर सांगून कोडला पासवर्डही लावला.

हा सूड आहे का? आहे.

उद्या तो कोंबाचा दाणा त्यांच्या कीबोर्डशेजारी ठेवीन आणि बाजूला उभी राहीन. नावाचं स्पेलिंग अडलं, तर सांगायला.