समुद्राकडची भिंत

१० नोव्हेंबर, सकाळी ७
ठरलं. स्वयंपाकघर नवीन करणार. पांढऱ्या टाइल्स, काळा ग्रॅनाइट हे चांगदेवसारख्यांना. चांगदेव माझा सख्खा भाऊ. शेजारीच राहतो. पाच वर्षं आमचं बोलणं नाही, त्यामुळे डोकं शांत असतं. माझी थीम वेगळी: काशीदचा कातळ, समुद्र, सुरूची झाडं. निसर्ग थेट घरात. माझ्या बायकोच्या, मैनाच्या, घरगुती खानावळीत येणारे पर्यटक आधी फोटो काढतील, मग जेवतील.
मैनाला सांगितलं. म्हणाली, "समोर एवढा समुद्र हाय, घरात कशाला आनता?" व्हिजन नाही. पंचवीस वर्षं सहन करतोय.

१४ नोव्हेंबर
सदा गवंड्याने जुना ओटा फोडला. तो ओटा मैनाने खानावळीच्या पहिल्या कमाईतून घातला होता. हे तिने आज तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा ऐकून घेतलं. आणखी काय करायचं माणसाने?

१९ नोव्हेंबर
ओट्याला खडबडीत कातळ. सदा म्हणाला, "दादा, पॉलिश तरी करू." म्हटलं, किनाऱ्यावरच्या खडकाला कोण पॉलिश करतं? कातळ तसाच बसवला. समुद्राकडची भिंत पाडली, नुसते सुरूचे खांब ठेवले. एक्झॉस्ट फॅनचा खर्च वाचला.
चांगदेव कुंपणापलीकडून बघून हसला. जळतोय.

२८ नोव्हेंबर
उद्घाटनाचा चहा. गॅस चार वेळा विझला. वारा आज जरा जास्त होता.
ओट्यावर परात डुगडुगते म्हणे. एवढ्या मोठ्या ओट्यावर हिला एक सपाट जागा सापडत नाही! जिताड्याची खवलं कातळाच्या भेगांत अडकली. मैनाने माझ्या हातात सुरी दिली. "काढा तुमचा निसर्ग." एक तास काढत होतो. ध्यान केल्यासारखं वाटलं. उद्यापासून रोज करणार.

२९ नोव्हेंबर
पाठ धरली. ध्यान रद्द.

५ डिसेंबर
दोन मांजरं आणि एक कुत्रा. सुरमईचे सहा तुकडे गेले. मैनाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खाल्ले.
मुलीचा, प्राप्तीचा, मुंबईहून फोन. "पप्पा, आईला सॉरी बोला आणि भिंत बांधा." आईने फितवली आहे. फोन ठेवला.

१३ डिसेंबर
पुण्याचे पाहुणे. कालवणात वाळू. एका काकांचा दात हलला. मी समजावलं, समुद्राची वाळू आहे, मिनरल्स असतात. मैनाने सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली. माझ्या घरात, माझ्या देखत! पाहुणे गेल्यावर विचारलं, माझा अपमान का केलास? ती म्हणाली, "वीस वर्सांत माझ्या हातचं ताट कुनी अर्धं टाकलं न्हवतं." आणि पाठ फिरवली. तेव्हापासून अबोला.
मीही बोलणार नाही. बघू कोण आधी थकतं.

१८ डिसेंबर
मी. पण ते मीठ कुठे आहे एवढंच विचारण्यापुरतं. मीठ शेवटी मीच शोधलं.

२१ डिसेंबर
मैनाने पातेली, परात, मसाल्याचे डबे उचलले आणि चांगदेवच्या घराकडे निघाली. तिची जाऊ कमळ दार उघडून उभीच होती. म्हणजे कट. मी ओरडलो, "त्या घराची पायरी चढलीस तर..." पुढचं सुचेपर्यंत ती चढली होती.
दोन दिवसांत परत येईल.

२५ डिसेंबर, दुपारी २
दोन गाड्या भरून पर्यटक आले. स्वयंपाकघर बघून वेडे झाले. ओट्यावर बसून फोटो काढले. मी थीम समजावली. मग एका बाईने विचारलं, "जेवण कुठे मिळतं?"
कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

दुपारी ३:३०
चार दिवस बिस्किटं. शेवटी गेलो. अंगणात पंगत बसलेली. चांगदेव बघून हसलासुद्धा नाही. ते जास्त लागलं. मैना वही घेऊन समोर आली.
"पार्सल की बसून?"
म्हटलं, "मैना, मी आहे."
"दिसतंय. पार्सल की बसून?"
पार्सल.