ओक-बुनच्या नावचे घर

मी, पियो जंग-सुक, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गुडघे आणि कान यांनी साथ सोडली असली तरी डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, थकले आहे म्हणून हे लिहून ठेवते.

कलम एक. पुतण्या ग्वांग-हो याला अंगणातले किमचीचे लोणचे मुरवायचे सहा रांजण द्यावेत. दहा वर्षांत तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा घराची लांबी-रुंदी मोजून गेला. रांजणही मोजून घे म्हणावे.

कलम दोन. माझी बांबूची छडी चुलीत घालावी. आठवण म्हणून कोणी मागितली तरी देऊ नये.

कलम तीन. घर थाक ओक-बुन हिला द्यावे. त्याचे कारण असे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली देशात तांदूळ अपुरा होता. डब्यातल्या भातात जव मिसळलेले हवेत असा सरकारी हुकूम निघाला आणि डबे तपासणे आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बे सांग-ग्यू दरवर्षी तोच किस्सा सांगतो, "बाई, तुम्ही दारात दिसलात की मी शेजाऱ्याच्या डब्यातले चार जव उचलून माझ्या भातावर पेरायचो!" सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. ओक-बुनचे नाव मात्र कोणी काढत नाही.

ती सहावीत होती. घरी अठरा विश्वे दारिद्र्य, वर्षभर डब्यात नुसते जव. ऑक्टोबरात एक दिवस डबा उघडला तर पांढराशुभ्र भात. म्हणाली, "बाई, काल आजोबांचं श्राद्ध होतं." मी म्हटले, "सगळे हेच सांगतात." हातावर दहा छड्या मारल्या आणि उघडा डबा घेऊन सुट्टीभर व्हरांड्यात उभे केले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

आता खरे लिहिते. त्या दिवशी माझ्या डब्यातही वरचा थर तेवढा जवाचा होता. खाली पांढरा भात होता. तिला शिक्षा करून आल्यावर मी तो खाल्ला. मला त्याची लाज वाटते.

इतके लिहून झाल्यावर सांग-ग्यूने तिला बुसानमध्ये शोधून काढले. काल ती आली. चष्मा लावून सगळे वाचले.

"श्राद्धबिद्ध काही नव्हतं, बाई. खोटं बोलले मी. दुसऱ्या दिवशी बुटांच्या कारखान्यात जायचं होतं. शाळेतला शेवटचा डबा, म्हणून आईनं तांदूळ मागून आणले होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

"सगळ्या वर्गासमोर?" ती म्हणाली. "डबा तसाच परत नेला. आई रडली."

मी म्हटले, "घर तरी घे."

"नको. मृत्युपत्राला एक साक्षीदार कमी पडतोय ना, तो मी होते."

"अगं, साक्षीदाराला वाटा मिळत नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच."

माफ केलेस का, हे विचारायचे माझे धाडस झाले नाही.

सबब कलम तीन रद्द. घर ग्वांग-होला जाईल. त्याची मोजणी वाया गेली नाही. नवा वारस शोधण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही.

मुक्काम गोकसंग, दिनांक १२ नोव्हेंबर २०२४.
पियो जंग-सुक (शिक्का)

साक्षीदार पहिला: बे सांग-ग्यू, वय बासष्ट, शिक्षण पदवी.
साक्षीदार दुसरी: थाक ओक-बुन, वय बासष्ट, शिक्षण सहावी, ऑक्टोबरपर्यंत.