अकरा बायकांतली एक

वसई,
रविवार, २३ ऑक्टोबर १९८३

प्रिय सेलिन,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी पंधरा दिवस लावले. वर्गात कुणी गृहपाठाला पंधरा दिवस लावले असते तर त्याला तासभर बाकावर उभं केलं असतं, हे तुला वेगळं सांगायला नको, तू स्वतः उभी राहिली आहेस. गेल्या रविवारी तू घरी आलीस तेव्हा तोंडानेच सांगायचं ठरवलं होतं. दोनदा तोंड उघडलं. एकदा विचारलं, कालवणात मीठ बरोबर आहे का, आणि दुसऱ्यांदा विचारलं, होस्टेलच्या सिस्टर अजून फाटकाची चावी स्वतःकडेच ठेवतात का. तू म्हणालीस, पप्पा, तुम्ही म्हातारे व्हायला लागलात. छप्पन्नावं लागलंय, एवढ्यात म्हातारा करू नकोस. पण माझ्या मनात काहीतरी अडलंय हे तुला कळलं होतं. ते तुला तीन नोव्हेंबरच्या आत कळायलाच हवं, आणि माझ्याकडूनच कळायला हवं.

तुझं ते पत्र माझ्या शर्टाच्या खिशात आहे. कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवणारी तुमची कचेरी, आतल्या खोलीत नावांचं कपाट, त्याची किल्ली तुमच्या मुख्य हंसाबाईंच्या कमरेला, आणि तुम्हा पोरींच्या हातात फक्त नंबर. नाव नाही, घर नाही. रोगी कुठल्या तालुक्यातला, वय काय, रोग कुठे, कधी सापडला, आणि मग दरवर्षी एकच चौकशी, माणूस आहे की गेलं. तू चिडून लिहिलं होतंस की निम्मी जवाबी कार्डं परतच येत नाहीत. लोक फाडून टाकतात, पोरींची लग्नं अडतील म्हणून लपवतात, मग कोणतं औषध लागू पडतं हे डॉक्टरांना कळायचं कसं? बरोबर आहे तुझं. तुला आकडेशास्त्र शिकायला पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, बँकेत जाशील. तू हीच नोकरी का धरलीस ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. दोघांनाही ठाऊक होतं.

आणि मग त्या पत्रातलं दुसरं पान. पंचाहत्तर साली छातीत गाठ सापडलेल्या, चाळिशीच्या आतल्या, रोग काखेपर्यंत पोचलेल्या अकरा बायका. त्यांच्या ओळी तू एकाखाली एक लावल्यास. दहा गेल्या, एक आहे. वसई तालुक्यातली, तेव्हाचं वय छत्तीस, आठ वर्षं झाली तरी तिचं कार्ड दरवर्षी न चुकता येतं. तू लिहिलंस, वाईट दिवस असला की मी तिची ओळ काढून बघते. आईच्याच वयाची, आईच्याच वर्षाची. आपली आई राहिली नाही, पण आपल्या वसईतली एक बाई तरी राहिली, हे बघून बरं वाटतं. आणि पुढे, की तीन नोव्हेंबरला हंसाबाई तुला त्या बाईच्या घरी पाठवणार आहेत, तू तिकडचीच म्हणून. नाव-पत्ता त्याच सकाळी कपाटातून निघेल. ती काय खाते, काय करते, कशी राहिली, हे तू तिला विचारणार होतीस.

सेलिन, ती बाई तुझी आई आहे. ती राहिलेली नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत. त्या अकरांतली ती एक मी बनवलेली आहे.

पहिलं कार्ड शहात्तरच्या सप्टेंबरात आलं. तेव्हा बेला होती. पडवीत बसून अळूची पानं निवडत होती, डावा हात खांद्यापासून सुजलेला. मी कार्डावरचा प्रश्न मोठ्याने वाचला, रुग्ण हयात आहे काय? माझं डोकंच फिरलं. जिवंत माणसाच्या नावाने पत्र पाठवून त्यालाच हे विचारायचं म्हणजे काय! मी कार्ड चुलीत घालायला निघालो, तर ती हसायला लागली, इतकी की मांडीवरची पानं खाली पडली. म्हणाली, "विचारतात तर सांगा ना. लिवा, हाय. वाडीत पानी शिंपते." सोळा वर्षं मास्तराच्या घरात काढली, पण आगाशीच्या माहेरची बोली तिने माझ्यासाठी कधी सोडली नाही. तब्येतीच्या रकान्यात मी 'ठीक' लिहिलं आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, वाडीत पाणी शिंपते.

पुढचं तुला ठाऊक आहे. तीन मार्चला ती गेली, आणि त्याच महिन्यात तू दहावीचे पेपर लिहिलेस. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली, पाऊस लागला, लोक आपापल्या कामाला लागले. तिचं नाव कुणी काढेना. मला त्रास नको म्हणूनच काढत नसतील. तुला रडू येईल म्हणून मी गप्प आणि मला येईल म्हणून तू गप्प. सप्टेंबरात प्लासिड पोस्टमनने फाटकाला सायकल टेकवली. हातात कार्ड, वर तिचं नाव. प्लासिड तिच्या मयतीत खांदा दिलेला माणूस. खाली बघत म्हणाला, "बॅप्टिस्ट मास्तर, मयत असं लिहून परत धाडू का? तुम्हाला हात लावायला नको." मी म्हटलं, राहू दे, मी बघतो. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. दरवर्षी कार्ड देतो आणि घंटी न वाजवता जातो.

मी ते आत नेऊन वाचलं. आपली तब्येत कशी आहे, असं छापलेलं होतं. अख्ख्या वसईत सहा महिन्यांत तिची तब्येत कुणी विचारली नव्हती. मी लिहिलं, ठीक. खोटं लिहितोय असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही, देवाशपथ. शेऱ्यात लिहिलं, मुलगी दहावीला एकाहत्तर टक्के मिळवून पास झाली, रुग्ण फार आनंदात आहे. कारण तेवढं तिला सांगायचं राहून गेलं होतं.

मग मला सवयच लागली. अठ्ठ्याहत्तरला, हाताची सूज उतरली. एकोणऐंशीला, विहिरीवर पंप बसवला तरी रुग्ण केळींना हंड्यानेच पाणी घालते, ऐकत नाही. ऐंशीला, वजन वाढले, ब्लाउज उसवावे लागले. गेल्या वर्षी तू पदवीधर झालीस तेव्हा, समारंभासाठी रुग्णाने अंजिरी साडी घेतली. ती साडी मी खरोखर बघून आलो होतो, माणिकपूरच्या दुकानात. दुकानदाराने ती पूर्ण उलगडून दाखवली आणि कुणासाठी म्हणून विचारलं, तेव्हा मी बाहेर पडलो. कार्ड भरायला मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घ्यायचो. ऑगस्ट सरत आला की प्लासिडची वाट बघायचो. मला तिच्याबरोबर म्हातारं व्हायचं होतं, सेलिन. वर्षातून एकदा, चार ओळींत, ते होत होतं.

एक्याऐंशीचं मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्या वर्षी जूचंद्रचा श्रीपत, माझा जुना विद्यार्थी, तसलंच कार्ड घेऊन शाळेत आला. त्याची आई धोंडूबाई त्याच रोगाने गेली होती. म्हणाला, मास्तर, आई गेली असं लिहायला हात होत नाही, आहे असंच लिहून टाका. मी त्याला असा झापला की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली. म्हटलं, तिकडे कुणीतरी मोजतंय, तुझ्या आईमागून येणाऱ्या बाईच्या औषधाचा प्रश्न आहे, मुकाट्याने तारीख सांग. तो रडत तारीख सांगत होता आणि मी वळणदार अक्षरात ती लिहीत होतो. घरी टेबलावर माझं कार्ड पडलं होतं. संध्याकाळी ते भरायला बसलो आणि शेऱ्यात लिहिलं, रुग्णाचे नवऱ्याशी भांडण झाले आहे, दोन दिवस बोलत नाही. ती असती तर खरंच बोलली नसती.

तरी पुढच्या वर्षी कार्डावर मी तिला ती साडी घेतलीच. तुझं पत्र येईपर्यंत मला तुमची कचेरी म्हणजे भिंतीतली टपालपेटी वाटत होती. त्या पेटीपलीकडे बसून कुणी माझ्या ओळी खऱ्या धरत असेल, आणि ती माझीच पोर असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. अकरांत एक राहिली म्हणजे उद्या कुणी डॉक्टर बाराव्या बाईला सांगेल की तुझ्यासारखीच एक बरी झाली होती. गणिताच्या मास्तराने हे करावं! चुकलेलं उत्तर मी पोरांना कधी फाडू दिलं नाही, रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावलं. तेच मला करायचं आहे. तीन तारखेला तू इकडे येऊ नकोस, मी तिकडे येतो. सगळी कार्डं समोर ठेवून हंसाबाईंना सांगेन, कुठपर्यंत खरं आणि कुठून खोटं. नाव कपाटात होतं, तुला काही ठाऊक नव्हतं, असं लेखी देईन, म्हणजे तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही. मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव. वाईट दिवसांसाठी धरून ठेवलेली तुझी ती ओळ मी काढून घेतोय, एवढं मला कळतंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय.

खरं सांगू, हे पत्र मी आजही लिहिलं नसतं. तीन तारीख तोंडावर आली तरी मी पळवाटा शोधत होतो. बाई महिनाभर माहेरी गेली आहे, असं कळवून टाकावं, इथपर्यंत माझी मजल गेली. पण परवा गुरुवारी प्लासिडने यंदाचं, उशिरा आलेलं कार्ड दिलं. नाव-पत्ता टाइप केलेला, आतल्या खोलीतला. कोपऱ्यातला नंबर मात्र हाताने लिहिलेला, आणि त्यातल्या दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ. इंग्रजी आकड्यांत एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून तिसरीत असताना मीच तुला ती रेघ मारायला शिकवली होती. इतकी वर्षं कचेरी विचारत होती. यंदा, नंबर कुणाचा हे ठाऊक नसताना, तू विचारलंस, रुग्ण हयात आहे काय? कचेरीला मी सहा वर्षं खोटं लिहिलं. तुला लिहिता येईना. कार्ड भरून या पाकिटात ठेवलंय, तूच हंसाबाईंच्या हातात दे. नाही, बाळा. तीन मार्च एकोणीसशे सत्त्याहत्तर, गुरुवार, राहत्या घरी. शेऱ्याची जागा कोरी सोडली आहे. तिच्याबद्दल जे काही सांगायचं राहिलंय ते आता तुला सांगेन, तू विचारलंस तर.

तुझाच, आणि अजून तिचाही,
पप्पा