धनुष्याचं माप

३ ऑगस्ट, रविवार

ठरलं. यंदा शिकारीला मी जाणार!

फ्रीझरच्या तळाशी हरणाची दोन सॉसेज उरलीत, बाकी नुसता बर्फ. बावीस वर्षं माझ्या नवऱ्यानं, डेल्मरनं, दर हिवाळ्याला धनुष्यबाणानं दोन हरणं मारून आणली. मी सोलली, कापली, पाकिटं भरली, पण मारलं कधी नाही. मार्चमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. दहाबारा उरलेत, तेही अडखळत येतात.

मांस हे निमित्त आहे, मला कळतं. चीज कारखान्यातल्या माझ्या पगारात दोघांचं भागतं. पण हा दिवसभर खिडकीशी बसून शेतापलीकडची झाडं बघतो. मला भीती वाटते, हा माणूस त्या खिडकीशीच संपेल. मी धनुष्य हातात घेतलं तर निदान शिकवायला तरी उठेल!

त्याला सांगितलं. त्यानं डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. हो म्हणाला की वेडी म्हणाला, कोण जाणे.

५ ऑगस्ट

म्हटलं त्याचंच धनुष्य वापरू, फुकटात काम होईल. सत्तर पौंडांचा ताण! दोरी चार बोटं मागे आली आणि माझा खांदा बोंबलला. नेमका तेव्हाच दीर आला, गेल. गेलची जीभ कधी गप्प बसते? "व्हर्ना, ओढणार आहेस की त्यावर कपडे वाळत घालणार?"

डेल्मर हसला. मार्चनंतर पहिल्यांदा! तेवढ्यासाठी गेलला सगळं माफ.

९ ऑगस्ट, शनिवार

ऑरिनच्या धनुष्यांच्या दुकानात गेले. त्यानं मला भिंतीशी हात पसरून उभं केलं, फीत लावली, कागदावर आकडेमोड केली. "तुझी ओढ, म्हणजे दोरी मागे येते ती लांबी, साडेपंचवीस इंच. डेल्मरची साडेएकोणतीस. त्याचं धनुष्य तू वापरायचं म्हणजे त्याची पँट घालून चालायचं." धनुष्य अंगाच्या मापानं घ्यावं लागतं, हे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

"किती खर्च करणार?"

"चारशे डॉलर. बाणांसकट."

त्यानं शीळ घातली. "मग त्या महागड्या धनुष्यांच्या भिंतीकडे बघूच नकोस."

दोन काढून ठेवली. एक नवं, साधंसं. बोल्ट फिरवले की ताण पार खाली उतरतो, ओढही लहान करता येते. दुसरं वापरलेलं, पण फार चांगल्या बनावटीचं. ते पंचेचाळीस पौंडांच्या खाली येत नाही. ओढून पाहिलं. शेवटाला धनुष्याच्या टोकांची चाकं वळली, ताण एकदम उतरला आणि हात थरथरायचे थांबले. मन त्यावरच बसलं.

बाण, दोरी सोडायचा खटका, नेमाची पट्टी धरली तर दोन्ही चारशेच्या पुढे. ऑरिन म्हणाला, "डेल्मरचं आण ना. दीडशे देतो त्याचे."

ते विकायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तू आता पुन्हा कधीच नाही.

१२ ऑगस्ट

विचारायची हिंमत होत नव्हती. दोन्ही धनुष्यांचे फोटो टेबलावर ठेवले, किमती सांगितल्या, पुढचं तोंडातून फुटेना. तो उठला. काठी टाकून भिंतीला धरत गेला, खुंटीवरून आपलं धनुष्य काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

"विक."

न्हाणीघरात नळ सोडून रडले. त्यानं सोडून दिलं! सगळंच सोडून दिलं त्यानं!

बाहेर आले तर नव्या, साध्या धनुष्याच्या फोटोवर त्याचं बोट. "हलकं," म्हणाला. मग, "आखूड."

"पंचेचाळीस ओढते मी! ऑरिनसमोर ओढलं!"

"नाही. हलकं." टेबलावर मूठ आपटली.

सोळा वर्षं वीस-वीस किलोच्या चीजच्या लाद्या उचलतेय आणि हा मला बाहुली समजतो!

१६ ऑगस्ट, शनिवार

घेतलं. वापरलेलं, पंचेचाळीसचं. खांदा माझा, निर्णय माझा. त्याचं धनुष्य ऑरिननं किमतीची चिठ्ठी लावून भिंतीवर टांगलं. मी मागे वळून पाहिलं नाही. खोटं. दोनदा पाहिलं.

घरी डेल्मरनं नवं धनुष्य डाव्या मुठीत धरलं, हात ताठ केला, दोरीकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे परत दिलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

२० ऑगस्ट

वीस यार्डांवर सहातले चार बाण बरोबर. तो बघायला बाहेर आला नाही.

२७ ऑगस्ट

उलटंच झालं सगळं. शिकवायला उठेल म्हणून हा खटाटोप, आणि तो आता जेवायलाही उठत नाही. बटाटे तसेच ताटात. गेल त्याला म्हणाला, "अरे, तुझी बायको माझ्यापेक्षा बरं मारते, ये की बाहेर!" त्यानं मानही वळवली नाही.

विचारलं, "माझ्यावर रागावलास?"

"नाही." मग, "दमलो."

हा शब्द नवा होता. एकेका नव्या शब्दाची मी मार्चपासून वाट बघतेय. हा नको होता.

२ सप्टेंबर, मंगळवार

व्यायामाला त्याला नेहमी गेल नेतो, दारात सोडून जातो. आज त्याची गाडी बंद पडली म्हणून मी नेलं. नदीन, त्याचे व्यायाम घेणारी मुलगी, दारातच विचारते, "आलं का त्याचं धनुष्य?"

"त्याचं?"

तिनं दाखवलं. भिंतीला रबरी पट्टा, त्याच्या टोकाला चामड्याचा तुकडा. तो दातांत धरायचा आणि डावा हात पुढे रेटायचा. जूनपासून! "एका हाताचे तिरंदाज असंच ओढतात. तीस पौंडांपर्यंत आलाय. इथं विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला कायद्यानं तीस पौंड पुरतात ना? तुला सांगायचं नाही म्हणून ओठांवर बोट ठेवायचा सारखा. पण मग त्यानं नव्या धनुष्याचा फोटो दाखवला, म्हणून वाटलं तुला कळलं असेल."

हलकं. आखूड. तो स्वतःचं माप सांगत होता. त्यानं काही सोडलं नव्हतं, सोडलं होतं मी.

गाडीत म्हटलं, "गाढव आहे मी."

"हो," म्हणाला. अगदी स्पष्ट.

घरी न जाता सरळ ऑरिनकडे नेलं. गाडीत मागेच पडलेलं माझं धनुष्य काउंटरवर ठेवलं, म्हटलं, मिळेल त्यात परत घे, ते साधं काढ. ऑरिन फीत घेऊन माझ्याकडे आला.

"मला नको," म्हटलं. "त्याला मोज."