फायनलच्या तासाची प्रार्थना

रविवार, ८ जून. संध्याकाळ.

उद्या पहाटे फायनल. सात-सात जणांच्या रग्बीत फिजीचा हात धरणारा जगात कोणी नाही, हे समोरच्यांना उद्या कळेल. आणि संघात आपला एमोरी आहे. माझा सख्खा भाचा. धावणं त्याने मामाकडून उचललं असं मी स्वतः म्हणत नाही. गावात जुनी माणसं आहेत, ती म्हणतील.

गुरुवारपासून चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी चालू आहे. दर तासाला एक जण, उपाशीपोटी, गुडघ्यांवर. आज पाद्रीबाबांनी विचारलं, फायनलचा तास कोण घेणार? सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागले. सगळं गाव सभागृहात टीव्हीसमोर आणि आपण एकटे शेजारच्या चर्चमध्ये, हे कोणाला परवडणार? मी उभा राहिलो. म्हटलं, मी बसतो. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

घरी आल्यावर बायको, आमची उनाईसी, म्हणाली, जमेल का तुम्हाला? मी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासली, एक फुकट्या हातून सुटला नाही. मनावर ताबा कसा ठेवायचा ते मला शिकवते!

एमोरीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण तितिलिया, चर्चमध्ये डोळे पुसत होती. माझ्याशी बोलली नाही. आमच्यात मोठेपणी बहीणभाऊ एकमेकांशी थेट बोलत नाहीत, तो मानाचा भाग आहे. उनाईसीकडे निरोप दिला: दादाला सांग, तो बसणार म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

सोमवार, ९ जून.

हरलो. १९-२१.

सोमवार, दुपार.

जिंकलो असतो तर सरकारने सुट्टी दिली असती. हरलो तरी कामावर कोणी गेलेलं नाही. मेव्हण्याच्या, सैरुसीच्या, ओट्यावर माणसं मयताला आल्यासारखी बसली आहेत.

मी प्रार्थना केली. हे लिहून ठेवतो. सुरुवातीला अगदी मनापासून केली. सभागृहातून पहिला आरडाओरडा आला, ७-०. हललो नाही. मग बायका एमोरी, एमोरी करून किंचाळायला लागल्या. सख्ख्या मामाने काय करायचं? फक्त खिडकीतून एक नजर, असं ठरवून मी चर्चच्या मागच्या दाराने निघालो आणि नीरफणसाच्या झाडाआडून सभागृहाच्या खिडकीशी पोचलो. एमोरी बॉल काखेत मारून एकटा पळत होता. तिघांना हुलकावणी दिली आणि रेषेपलीकडे बॉल टेकवला. १४-०. तो पळत असताना माझ्या तोंडून किंचित आवाज निघाला असेल.

हाफटाइमला परत जाणारच होतो. पण हाफटाइम दोन मिनिटांचा, तेवढ्यात जाऊन गुडघे टेकून होणार काय? मग दुसरा हाफ सुरू झाला आणि पाय जमिनीला चिकटले. समोरच्यांनी तीनदा बॉल टेकवला. एकदा आमच्यांनी, पण त्यावरची किक हुकली. आणि शेवटच्या क्षणाला एमोरी पुन्हा मोकळा सुटला, रेषेपाशी पोचला, दोन्ही हातांनी टेकवायचा तो एका हाताने टेकवायला गेला आणि बॉल निसटला. निसटलाच.

मी धावत चर्चमध्ये परत. लोक मला न्यायला आले तेव्हा मी गुडघ्यांवर होतो, घामाने निथळत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाद्रीबाबांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, बघा, याला म्हणतात प्रार्थना.

मी काय बोलणार? धाप लागली होती.

सोमवार, झोपण्याआधी.

हिशेब सरळ आहे. मी आत होतो तोवर आपण पुढे. मी बाहेरच थांबलो आणि उलटं सुरू झालं. नऊ लाख लोकांचं सोनं मी घालवलं. उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांगून मोकळा होणार. पक्कं.

मंगळवार, १० जून.

सांगितलं नाही. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांचे चेहरे इतके उतरलेले होते की त्यात आणखी भर घालणं माणुसकीला धरून नव्हतं.

प्रार्थनेनंतर यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं मानाचं पेय, घोळली. करवंटी पहिल्यांदा माझ्याकडे आली. पहिली करवंटी गावप्रमुखाची असते. आज त्याने स्वतः माझ्याकडे बोट दाखवलं. नाही म्हणणं हा अपमान झाला असता, म्हणून प्यायलो.

मग बोलणं निघालं. सैरुसी म्हणाला, आपल्या साखळीत एक कडी तुटलेली नाही, फायनलच्या तासाला तर आमच्या अपोरोसा भावोजींसारखा माणूस बसलेला. मग हरलो कसे? खोट पोरातच असणार. राजधानीत राहून पोरगं बिघडलंय. दुसरा म्हणाला, बीअर पीत असेल. तिसरा म्हणाला, प्रार्थना सोडली असेल, हातातून बॉल असा उगाच सुटत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझीही मान हलली असं उनाईसी म्हणते. मी डास हाकलत होतो.

बुधवार, ११ जून.

तितिलिया प्रार्थनेला आली नाही. काल नदीवर बायका तिला काहीतरी बोलल्या म्हणे. एमोरी देशात परतून राजधानीत, सुव्हातच थांबलाय, फोन उचलत नाही. तितिलियाने उनाईसीबरोबर केळीच्या पानात गुंडाळून भाजलेलं अळकुडं पाठवलं. निरोप: दादा बरा आहे ना?

आता दिरंगाई नको. गुन्हा कबूल करायचा तर रीतसर करायचा. रिकाम्या हाताने माफी मागायची पद्धत आमच्यात नाही, यांगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवावी लागते. बाजारात जाऊन चांगली जाडजूड जुडी आणली. उद्या.

बुधवार, नंतर.

सैरुसी आला होता. बायकोचा भाऊ, त्यामुळे माझी टर उडवणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. जुडी बघून म्हणाला, काय भावोजी, कोणाची बायको पळवलीत? त्याला वाटेला लावायला मी चार मुळ्या कुटायला घेतल्या. मग आणखी चार. मुळ्या तशा ओल्याच होत्या, उद्यापर्यंत टिकल्या नसत्या.

गुरुवार, १२ जून.

जुडी नाही तर प्रायश्चित्त. संध्याकाळपर्यंत कडक उपास, पाणीसुद्धा नाही. हे जाहीर कबुलीपेक्षा जास्त खरं, कारण ते फक्त देवाला दिसतं.

गुरुवार, जेवणानंतर.

उनाईसीने डब्यातली मासळी कांदा घालून परतली, वर नारळाचं दूध. घरभर वास. उपास शेवटी मनाचा असतो. मन माझं अजून उपाशीच आहे.

जेवताना उनाईसीला सगळं सांगणार होतो. तोंड उघडलंही. ती म्हणाली, तितिलिया रात्रंदिवस रडतेय, लोक म्हणतात एमोरीला गावात पाऊल ठेवू देऊ नका. मी तोंडात कसावा घातला.

शुक्रवार, १३ जून.

मोठी बातमी. एमोरी उद्या येतोय. स्वतःहून. जुडी घेऊन, गावाची माफी मागायला.

वडीलधारे बसले. माफी स्वीकारायची कोणी? प्रमुख म्हणाला, ज्याने फायनलचा तास राखला त्याने. सगळे हो म्हणाले.

मी घाबरलो, खोटं कशाला लिहू? पण घरी येऊन विचार केला आणि लख्ख दिसलं, की हीच ती संधी. एमोरी जुडी ठेवेल. मी ती उचलणार नाही. उभा राहीन आणि म्हणेन, थांबा, माफी याने नाही, मी मागायची आहे. सगळा गाव अवाक. एमोरी मोकळा. तितिलियाची मान वर. भाषण पाठ केलं, आरशासमोर दोनदा म्हटलं. तीन जागी आवंढा गिळायचा आहे. दुसऱ्या वेळी खरंच रडू आलं. असं भाषण या गावात झालेलं नाही.

शनिवार, १४ जून.

आला. किती वाळलाय. सभागृहात शिरताना दारातच वाकला आणि मधल्या चटईवरून गुडघ्यांवर सरकत पुढे आला. आम्ही वडीलधारे समोर रांगेत, बायका मागे. तितिलिया खिडकीपाशी.

त्याने जुडी ठेवली. जमिनीकडे बघत म्हणाला, एका हाताने टेकवायला गेलो, मिजास होती माझी. तुम्ही माझ्यासाठी गुडघे झिजवलेत, मामा मॅच न बघता देवापाशी बसला, आणि मी सगळं मातीत घातलं.

मग शांतता. सगळे माझ्याकडे बघत होते. एमोरीनेसुद्धा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी जुडीला हात लावला. नुसता हात लावून बोलायचं ठरवलं होतं. जुडी हातात आली. आणि तोंडातून निघालं ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात तेच: तुझी माफी गावाला पोचली, आता मनात काही ठेवू नकोस. वर स्वतःच्या मनाची भर घातली. म्हटलं, पोरा, देवाला विसरू नकोस. आवंढेसुद्धा गिळले, तिन्ही. लोक रडायला लागले. पाद्रीबाबा रडले. सैरुसी रडला, आणि तो बापाच्या मयताला रडला नव्हता.

एमोरीने आमच्या पद्धतीप्रमाणे माझा हात हुंगून कपाळाला लावला. कार्यक्रम फार सुंदर झाला असं सगळे म्हणत होते. तो दुपारच्या बसने परत गेला. जेवायलाही थांबला नाही.

मी घरी निघालो. नीरफणसाखाली तितिलिया उभी होती. बाजूला व्हावं म्हणून मी वाट सोडली, पद्धतच आहे. ती हलली नाही. माझ्याकडे बघत बोलली. माझ्याशी. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

म्हणाली, दादा, त्या दिवशी मी भीतीने खाली मान घालून बसले होते. बाहेरून तू ओरडलास. तुझा आवाज मला कळत नाही होय? तू ओरडलास म्हणून मी मान वर केली आणि माझं लेकरू पळताना बघितलं. आठवडाभर कोणाला बोलले नाही. म्हटलं, दादाच सांगेल. आज तर तुला बोलायला सगळा गाव गप्प बसला होता.

मी म्हटलं, मी सांगणारच होतो.

ती गेली.

रविवार, १५ जून.

चर्चमध्ये उभा राहिलो. भाषण आठवेना. एवढंच म्हटलं, फायनलच्या वेळी मी आत नव्हतो, खिडकीतून मॅच बघत होतो, साखळी मी तोडली, हरवलं मी, एमोरीने नाही. आणि लोक काय करतील म्हणून डोळे मिटून घेतले.

मागून कोणीतरी खुसखुसलं. सैरुसी म्हणाला, भावोजी, तुमची प्रार्थना छपरातच अडकते, आत काय न बाहेर काय. मग गावप्रमुखाची बायको म्हणाली, साखळीत शुक्रवारी माझ्या तासाला मला झोप लागली होती. एकाने उपासात रोटी खाल्ली होती. एक तर गेलाच नव्हता, त्याला वाटलं भावाची पाळी. हसूच हसू. पाद्रीबाबाही हसले. म्हणाले, देवाला फायनलचा स्कोअर ठरवायला तुमच्या गुडघ्यांची गरज नाही, पुढच्या वर्षी तासाला दोघं बसवू. आणि पुढचं भजन सुरू झालं.

म्हणजे मी कोणाचं सोनं घालवलं नाही. कोणाला हरवलं नाही. आठवडाभर जो डोंगर छातीवर घेऊन हिंडलो, तो नव्हताच. हलकं वाटायला हवं होतं.

आता सैरुसी म्हणतोय, एमोरी बिचारा तसा चांगला पोरगा, उगाच बोललो आपण. सगळे म्हणतात, फोन करू. कोणी केला नाही. मी केला. त्याने उचलला नाही.

भजन संपल्यावर मी बायकांच्या बाजूला बघितलं. तितिलियाची जागा रिकामी होती. उनाईसी म्हणाली, ती सकाळच्या पहिल्या बसने सुव्हाला गेली, लेकाकडे, कपडे घेऊन. कधी येणार ते सांगितलं नाही.

माझ्यासाठी काही निरोप ठेवलाय का, विचारलं. उनाईसी नाही म्हणाली.