दोनशे कडक भाकरी

प्रिय उत्कर्षा,

तुझा संमतीचा कागद मिळाला. त्यावर शेजारच्या निंगव्वाचा अंगठा घेऊन धाड म्हणतेस, त्याशिवाय तुझ्या सिनेमातला तिचा सीन स्पर्धेत चालत नाही. आणि मला समजावं म्हणून वर तो हॉलिवूडचा जुना विनोदी सिनेमा बघायला लावलास. बघितला. गल्लीतल्या नंदीशनं फोन धरला नि इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. शिसारी आली गं.

सिनेमा एक वेळ परवडला. पण तो कसा केला हे सांगणारा दुसरा व्हिडिओ पाठवलास ना, तो बघून मला दुपारचं जेवण गेलं नाही. लग्नाच्या पंगतीत माणसं एकमेकांच्या तोंडावर मलईचे केक मारतात, एवढाच सीन. तो म्हणे आठ दिवस चालला. दिव्यांच्या धगीनं मलई आंबली, माशा घोंगावल्या, नवरी झालेली बाई कोपऱ्यात जाऊन ओकली. पण कालचा डाग आज तिथंच दिसला पाहिजे, म्हणून मेकपवाला रोज सकाळी फोटो बघून तीच आंबलेली मलई परत थापायचा. आणि त्यात स्वयंपाकीण झालेली एक म्हातारी होती. केक तोंडावर कधी येणार हे तिला सांगितलंच नव्हतं. खरी दचकावी म्हणून! डायरेक्टर, कॅमेरावाला, हिरो, सगळे पांढऱ्या केसांचे होऊन खुर्च्यांत बसलेत नि हे सांगताना खिदळतात. म्हातारी तेवढी कुठं दिसली नाही. मेली असेल.

गुरू मात्र झकास निवडलास.

मागच्या महिन्यात तुझी बारा डोकी सिनेमा काढायला आपल्या गावात, कुंभारीत उतरली. लग्नाच्या सीनला दोनशे कडक भाकरी पाहिजेत म्हणालीस. आम्ही चौघी दोन दिवस थापत होतो. आपली निंगव्वा, सत्तरी ओलांडलेली, तिनं एकेका भाकरीवर तीळ लावले, वर शेंगाचटणीही कुटली. कशाला गं एवढं, म्हटलं, तर म्हणते, पोरं लांबून आल्यात की, उपाशी कशी ठेवायची? दुधनीकडची बाई ती. भाकरी केली म्हणजे ती कुणीतरी खाणार, यापलीकडं तिला काही सुचत नाही.

आणि तुम्ही त्या सीनमध्ये केकसारख्या पंगतीत बसवलेल्या निंगव्वावर फेकल्या. कडक भाकरी म्हणजे काय केक आहे? पापडासारखी वाळलेली, फुटली की कड लागते. निंगव्वाच्या भुवईवर ओरखडा उठला. ती खाली बसली, तुकडे उचलून कपाळाला लावले नि पदरात भरू लागली. तिथं तुझा कॅमेरावाला आणखी जवळ सरकला आणि सगळे पोट धरून हसले. हेच तर सोनं आहे आजी, म्हणालीस. सोनं! तिथंच तुझ्या मुस्काटात द्यायला पाहिजे होती.

दिली नाही, कारण मला तोंड नव्हतं. आदल्या दिवशी तू मला बाजूला घेऊन सांगितलं होतंस, भाकरी फेकणार हे निंगव्वाला बोलू नको, खरी दचकू दे. मी बोलले नाही. नातीच्या सिनेमात मलाही मिरवायचं होतं. भाकरी फुटली तेव्हा पहिली हसले ती मीच. तुझ्या व्हिडिओत ऐक, कळेल. त्यानंतर महिनाभर निंगव्वा रोज माझ्याकडं चहाला येऊन बसली. आज सकाळी मी तिच्यापुढं कागद ठेवला. वाचता येत नाही तिला, मी लाव म्हटलं असतं तर लावला असता अंगठा. मी सगळं सांगितलं, मला आधीपासून ठाऊक होतं हेही. ती मग म्हणाली, मला वाटलं, तुलाबी माहीत नव्हतं. आणि चहा तसाच ठेवून उठून गेली. कागद कोरा पाठवते आहे. तो सीन काढ, तुझ्या स्पर्धेचं काय व्हायचं ते होवो. मला उद्या तिच्या दारात जायचं आहे, आणि ती बस म्हणेल की नाही ते मला ठाऊक नाही.

तुझीच, तुझ्याइतकीच वाईट,
म्हाळसाबाई आजी