डोक्याएवढा कट्टा

मेढा, गुरुवार, २१ फेब्रुवारी १९७४

गाठ मारलेली ती सुतळी अजून खिशातच आहे.

माझ्या आराखड्याप्रमाणे इथल्या गाडीथांब्याची शेड झाली. छपराची कमान सांगलीच्या कचेरीत सगळ्यांना आवडली, आत लांबलचक दगडी बाक. पण पंधरवड्यापूर्वी लाकडं विकणारी हिराबाई त्या रिकाम्या बाकाशेजारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तासभर उभी. बसत का नाही, विचारलं.

"खाली ठिवली तर परत डोक्यावर कोण दील, सायेब? भिंतीला डोक्याएवढा कट्टा करा, म्हंजी एकटीला बी उतरवता यील."

खरं तर रागच आला. माझ्या भिंतीची सरळ रेघ तुटणार होती. दोन दिवस ते टाळलं. शेवटी शेड बांधणाऱ्या रसूल मिस्त्रींनीच हिराबाईच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. इतकी वर्षं कागदावर माणसं काढली, मापासाठी. डोक्यावर ओझं असलेलं एकही कसं काढलं नाही?

आराखड्यावर नाव माझं एकट्याचं होतं. आत्ताच खाली त्या दोघांची लिहिली, शाई ओली आहे.

आज कट्टा झाला. सुतळी लावून पाहिली, गाठ बरोबर कट्ट्याच्या काठाला. हिराबाईनं कट्ट्याकडे पाठ केली, मोळी मागे सरकवली, मान दोन्हीकडे वळवली. मग बाकावर टेकली, पदरानं तोंड पुसलं.

"ह्यो बाक बी बरा हाय की. कवा केला?"